कागदावर नसलेला हात

आमच्या इतिहास-भूगोल विभागाचं दार उघडलं की पहिलं टेबल सेक्रेटरी व्हर्ना टिलटसन यांचं. ते ओलांडल्याशिवाय विभागप्रमुखसुद्धा आपल्या खोलीत पोचत नसत. टेबलावर फोन, नवऱ्याचा बोटीतला एक फोटो, खोकल्याच्या गोळ्यांची बरणी आणि एक लाल पेन्सिल. पेन्सिलीला टोक नेहमी असं, की हात लावायची भीती वाटावी.

मी अमेरिकेतल्या या गावात भूगोल शिकवायला आलो त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि माझं आडनाव पाच वेळा म्हणायला लावलं. मग ते आपल्याला वाचता येईल अशा रीतीने एका कार्डावर लिहून फोनशेजारी चिकटवलं. त्याला बावीस वर्षं झाली. आमचे डीन अजून मला 'डॉक्टर एस' म्हणतात. व्हर्नाबाईंनी 'सदावर्ते' एकदाही चुकवलेलं नाही. कामाची इतकी चोख बाई मी दुसरी पाहिली नाही. त्या चोखपणानेच पुढे घात केला, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

ऑगस्टमध्ये सत्र सुरू होण्याआधी आम्ही सगळे मास्तर त्यांच्याकडे आपापला सिलॅबस द्यायचो. आमच्याकडे सिलॅबस वरून येत नाही, ज्याचा वर्ग त्याने लिहायचा: काय वाचायचं, कधी परीक्षा, कशाला किती गुण. व्हर्नाबाई तो लाल पेन्सिल घेऊन वाचायच्या. तो वाचायचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या सिलॅबसमध्ये तारीख चुकली असं कधी झालं नाही.

"डॉक्टर सदावर्ते, तुम्ही परीक्षा रविवारी ठेवलीय," एका वर्षी त्या म्हणाल्या. "पोरांना चर्चमधून उचलून आणणार का?"

"अहो, नजरचुकीनं झालं."

"नजर तुमची, चूक तुमची, आणि पेन्सिल झिजतेय माझी."

त्यांची खरी जुगलबंदी चालायची ती ऑरिन लुंडगार्ड यांच्याशी. लुंडगार्ड म्हणजे आमच्या विभागातले सगळ्यात जुने प्राध्यापक, या राज्याचा इतिहास शिकवायचे. जन्म इथलाच, बाप-आजा इथलेच शेतकरी. माणूस सहा फुटांवर, आवाज मात्र इतका हळू की मागच्या बाकावरची पोरं पुढे येऊन बसत. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नाही. पिवळ्या वहीत पेनाने लिहायचे आणि ती वही तशीच व्हर्नाबाईंपुढे ठेवायचे. व्हर्नाबाई ती टाइप करायच्या. नुसता सिलॅबस नाही, रोजच्या तासाची टिपणंसुद्धा, सव्वीस वर्षं.

"प्रोफेसर, हा शब्द काय आहे? 'गहू' की 'गाढव'?"

"मागचापुढचा संबंध बघ ना, व्हर्ना."

"बघितला. दोन्ही बसतंय."

विद्यापीठात नोकरी करणाऱ्याला दर सत्रात एक वर्ग फुकट शिकता येतो. व्हर्नाबाईंनी फार पूर्वी एका वर्षी लुंडगार्डांचा वर्ग घेतला होता. "टाइप करून करून अर्धा पाठ झालाच होता, म्हटलं उरलेला अर्धा ऐकू," असं त्या सांगायच्या. त्या वर्गात एक तास होता, १९१८ सालचा. आमच्या गावात तेव्हा अर्धी वस्ती जर्मन. जर्मनीशी युद्ध चालू होतं. एप्रिलमधल्या एका रविवारी चर्च सुटल्यावर गावातल्या सभ्य माणसांनी जर्मन शाळेतली पुस्तकं गाडीत भरून आणली, कोर्टासमोरच्या हिरवळीवर जाळली, आणि तिथल्या मास्तराला बायकापोरांसकट गावाबाहेर काढलं. यातलं काही गावात कुठे लिहिलेलं नाही. हिरवळीवर आता तोफ आहे आणि ट्युलिप आहेत.

एवढं सांगून झालं की लुंडगार्ड वर्गाला विचारायचे: त्या दिवशी त्या गर्दीत तुमच्या घरातलं कोण होतं? हात वर करा. आणि विचारता विचारता ते स्वतःचा हात वर करायचे. तो तसाच धरून उभे राहायचे. त्यांच्या आजोबांनी रॉकेल आणलं होतं. मग कुठूनतरी दुसरा हात, मग तिसरा. सगळे वर झाले की म्हणायचे, "बरं. आता हात खाली घ्या. आपण वाईट माणसांची नातवंडं नाही आहोत. आजोबा माझे चांगले होते, मला घोड्यावर बसवायचे. मग चांगल्या माणसांनी हे कसं केलं, ते बघू."

व्हर्नाबाईंनीही त्या दिवशी हात वर केला होता. गाडी त्यांच्या आजोबांची होती. हे त्यांनी मला पुढे, सगळं संपल्यावर सांगितलं.

मागच्याच्या मागच्या वसंतात राजधानीत कायदा झाला. पूर्वजांनी जे केलं त्यावरून विद्यार्थ्याला अपराधी वाटेल असं काही सरकारी विद्यापीठात शिकवायचं नाही. आणि लोकांना तपासता यावं म्हणून प्रत्येक सिलॅबस पंधरा ऑगस्टच्या आत संकेतस्थळावर चढवायचा, 'संबंधित शिक्षणसाहित्यासह'. आमच्या विद्यापीठातल्या बाकी विभागांनी या दोन शब्दांकडे काणाडोळा केला. इंग्रजीवाल्यांनी दोन पानं टाकली, समाजशास्त्राने दीड. आम्हा मास्तरांना लगेच कळलं होतं की इथे जितकं कमी तितकं बरं. पण हे व्हर्नाबाईंना कुणी सांगितलं नाही. अशा गोष्टी कुणी मोठ्याने सांगत नाही.

त्यांनी नियम शब्दशः वाचला आणि शब्दशः पाळला. माझी अकरा पानं चढवली, नकाशांसकट. लुंडगार्डांची एक्केचाळीस, रोजच्या टिपणांसकट. मी ते पाहिलं होतं. दुपारी कॉफी घ्यायला गेलो तेव्हा त्यांच्या पडद्यावर पानांची संख्या दिसली.

"एवढं कशाला टाकताय?" मी म्हटलं.

"का? आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?"

"तसं नाही, पण..."

"आपल्या विभागानं लपवलं असं कुणी म्हणायला नको."

मी कॉफी घेऊन खोलीत गेलो. 'पण'च्या पुढचं वाक्य मला येत होतं. ते मी बोललो नाही, कारण उन्हाळा होता, कंटाळा होता, आणि माझा नोकरीचा करार दर वर्षी नव्याने सही होणारा. असल्या बाबतीत तोंड उघडायची मला सवयच नव्हती.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या जिल्ह्याच्या आमदाराने रेडिओवर पान तेवीस वाचून दाखवलं. त्यावर एवढंच होतं: 'वर्गाला विचारणे: त्या दिवशी त्या गर्दीत तुमच्या घरातलं कोण होतं? हात वर करा. थांबणे. घाई नको.' आमदार म्हणाला, करदात्यांची मुलं उभी करून त्यांच्या बापजाद्यांची लाज काढताहेत. आणि खाली लिहिलंय बघा, घाई नको. म्हणजे सावकाश काढताहेत.

कागदावर होतंच तसं. लुंडगार्डांचा स्वतःचा हात कागदावर नव्हता.

दुपारपासून फोन सुरू झाले. सगळे व्हर्नाबाईंच्या टेबलावर. मी बाहेरच्या खुर्चीवर बसून होतो, त्यांना पाणी आणून देण्यापलीकडे मला काही सुचत नव्हतं. त्या प्रत्येक फोन घेत होत्या आणि नेहमीसारखं गुलाबी चिठ्ठीवर नाव, नंबर, वेळ आणि निरोप लिहीत होत्या. लोक शिव्या देत होते आणि त्या विचारत होत्या, "आडनाव कसं लिहिता?" एकदा त्या थांबल्या, म्हणाल्या, "मार्ज? मार्ज, मी व्हर्ना बोलतेय." समोरून फोन ठेवला गेला. मार्ज त्यांच्याच चर्चमध्ये वाद्य वाजवायची. त्यांनी चिठ्ठीवर मार्जचं नाव लिहिलं, वेळ लिहिली, निरोपाची जागा कोरी सोडली.

तिसऱ्या दिवशी लुंडगार्डांना रजेवर पाठवलं. वर्ग काढून घेतला, किल्ली घेतली, चौकशी समिती नेमली. व्हर्नाबाई त्याच दिवशी डीनच्या खोलीत गेल्या. डीन व्हॅनहूस म्हणजे गोड माणूस, सगळ्यांच्या मुलांची नावं पाठ. व्हर्नाबाईंनी मला सोबत नेलं, साक्षीला म्हणून.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांनी दोन पानं टाकली, मी एक्केचाळीस टाकली. शिक्षा करायची तर मला करा."

"व्हर्ना, तुम्ही काहीच चुकला नाहीत. उलट नियम पाळला तो फक्त तुम्ही."

"मग त्यात एक ओळ राहिलीय ती घाला. ते स्वतःचा हात आधी वर करतात. मी त्या वर्गात बसलेय."

"त्यांच्या टिपणात ते नाही."

"नसेल. म्हणून तर सांगतेय. पान मला परत द्या, मी टाइप करून देते. दोन मिनिटांचं काम आहे."

डीननी चष्मा काढला. "आता ते पान पुरावा आहे. त्याला हात लावला तर ती खाडाखोड होईल. तुमच्यावर येईल ते. आणि वॉल्टचं..." ते थांबले.

वॉल्ट म्हणजे व्हर्नाबाईंचा नवरा. आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिसला न्यावं लागायचं आणि त्याचा विमा चालायचा तो बायकोच्या नोकरीवर. डीनना ते माहीत होतं, कारण त्यांना सगळ्यांच्या घरचं माहीत असायचं. मला वाटत नाही त्यांनी धमकी दिली. त्यांना खरोखरच काळजी वाटली असावी. ते तर जास्त वाईट.

"माझ्या हातात असतं तर," डीन म्हणाले, "पण माझ्या हातात काही नाही."

हे वाक्य त्या शरदात मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं की कुणाच्या हातात काय आहे, असा प्रश्न पडावा. डीन म्हणायचे विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या हातात, अध्यक्ष म्हणायचे विश्वस्तांच्या, विश्वस्त म्हणायचे कायद्याच्या. आमदाराला गावच्या पत्रकाराने विचारलं तर तो म्हणाला, शिक्षा काय करायची ते विद्यापीठ ठरवेल, त्यांच्या स्वातंत्र्यात मी ढवळाढवळ करणार नाही.

त्या शनिवारी व्हर्नाबाईंनी रुबार्बच्या आंबट देठांची गोड पाई भाजली आणि लुंडगार्डांच्या घरी गेल्या. गाडी मी चालवली, पाई त्यांनी मांडीवर धरली होती. लुंडगार्ड अंगणात पानं गोळा करत होते. रागाचं नाव नाही.

"मी तुमचं वाटोळं केलं, प्रोफेसर."

"तू? सव्वीस वर्षांत माझं एक अक्षर तू बदललं नाहीस."

"तेच तर म्हणतेय."

"पाई कशाची आहे?"

"विषय बदलू नका. तुम्ही ते कधी लिहिलं का नाहीत? 'आधी स्वतःचा हात वर करणे.' पाच शब्द आहेत. मी केले असते टाइप."

लुंडगार्डांनी दाताळं झाडाला टेकवून ठेवलं. "हात वर करायला लिहून काय ठेवायचं, व्हर्ना? पोरांना आधी करायला लावून मी मागे उभा राहीन, असं माझ्या डोक्यातच आलं नाही."

व्हर्नाबाई तिथेच पायरीवर बसल्या आणि रडल्या. लुंडगार्ड शेजारी उभे राहिले. मग त्यांनी आत जाऊन तीन बशा आणल्या.

समितीपुढे साक्ष द्यायची असं व्हर्नाबाईंनी ठरवलं. अर्ज केला. उत्तर आलं की कर्मचाऱ्याने आपलं म्हणणं लेखी आणि आपल्या वरिष्ठामार्फत द्यावं. त्यांनी अर्धं पान लिहिलं, लाल पेन्सिलीने स्वतःच तपासलं. ते परत आलं: अर्जदार या प्रकरणात पक्षकार नाही. दोन विद्यार्थ्यांनीही पत्रं दिली होती, प्राध्यापक पहिला हात स्वतःचा वर करतात म्हणून. ती जोडपत्रात गेली. समितीचं म्हणणं असं पडलं की प्रश्न वर्गात काय घडतं याचा नाही, लोकांनी काय वाचलं याचा आहे.

सुनावणीच्या दिवशी व्हर्नाबाई जेवणाच्या सुट्टीत मुख्य इमारतीत गेल्या. बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या. कुणीतरी दार उघडेल, कुणाला तरी काही विचारायचं असेल. एक वाजता सुट्टी संपली. त्या उठल्या आणि एक वाजून पाच मिनिटांनी आपल्या टेबलावर होत्या. डबा त्यांनी तसाच परत नेला.

आता माझं सांगतो. नोव्हेंबरमध्ये प्राध्यापकांच्या सभेत लुंडगार्डांना पाठिंबा देणारा ठराव आला. पूर्वी असल्या ठरावावर चिठ्ठी टाकून मत घेत. नव्या नियमाने सभा लोकांना घरबसल्या दिसायची आणि मत हात वर करून द्यायचं. मागच्या भिंतीला कॅमेरा होता, त्यावर लाल दिवा. आम्ही चौतीस जण. सभेचं टिपण व्हर्नाबाईंकडे असायचं, त्या कोपऱ्यात वही घेऊन बसल्या होत्या.

"बाजूने असणाऱ्यांनी हात वर करा," सभेचे अध्यक्ष म्हणाले.

माझा हात टेबलाखाली गुडघ्यावर होता. तो उचलायचा एवढंच काम होतं. मी त्या दिव्याकडे पाहिलं, मग एप्रिलमध्ये माझ्या करारावर नव्याने होणाऱ्या सहीचा विचार केला, मग म्हटलं आधी कोणीतरी दुसरा करू दे. केले काहींनी. तरी माझा उचलला गेला नाही. लाज वाटली, अजून वाटते. पण तेव्हा लाजेपेक्षा भीती जड होती, हे खोटं सांगण्यात अर्थ नाही.

व्हर्नाबाईंनी खोलीभर नजर फिरवून हात मोजले. माझ्यावरून नजर गेली, थांबली नाही. "नऊ," त्या म्हणाल्या आणि वहीत लिहिलं.

डिसेंबरमध्ये लुंडगार्डांनी निवृत्ती घेतली. कायमची नोकरी होती त्यांची, काढणं सोपं नव्हतं. म्हणून एक कागद पुढे केला, त्यांनी सही केली, आणि त्यात या विषयावर कुठे बोलणार नाही असंही होतं. पिवळ्या वह्यांचे चार खोके व्हर्नाबाईंनी बांधून दिले. त्यांच्या दारावरची नावाची पट्टी काढायला माणूस आला तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं आणि स्क्रू स्वतः काढले, ओरखडा न पाडता.

एप्रिलमध्ये कर्मचाऱ्यांचं वार्षिक जेवण असतं. चिकन, फरसबी, कुस्करलेले बटाटे आणि बक्षिसं. त्या वर्षी नवं बक्षीस निघालं, पारदर्शकतेसाठी. संपूर्ण विद्यापीठात नियम शंभर टक्के पाळणारा एकच विभाग होता. अध्यक्षांनी व्हर्नाबाईंचं नाव पुकारलं आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले. त्या जागेवरून हलेनात. शेजारी चाकाच्या खुर्चीत वॉल्ट होता. त्याने त्यांच्या कोपराला हळूच ढोसलं. त्या उठल्या, व्यासपीठावर गेल्या, काचेचा तुकडा हातात घेतला, "थँक यू" म्हणाल्या आणि खाली आल्या. मीही टाळ्या वाजवल्या. न वाजवून काय करणार होतो?

दुसऱ्या दिवशी तो काचेचा तुकडा टेबलावर दिसला नाही. मी विचारलंही नाही. पण त्यांनी स्वतःहून ती गाडीची गोष्ट सांगितली, आजोबांची. म्हणाल्या, "त्यांना कुणी सांगितलं असेल, तुझी गाडी मजबूत आहे, जरा आण. आणि त्यांनी आणली असेल. सांगितलेलं काम टाकायची आमच्या घरात पद्धत नाही."

लुंडगार्डांचा वर्ग आता एक नवा तरुण मास्तर घेतो. १९१८ त्याच्या यादीत नाही. त्याला कुणी काढायला सांगितलं नव्हतं.

या ऑगस्टमध्ये मी माझा सिलॅबस घेऊन व्हर्नाबाईंच्या टेबलापाशी गेलो. एक पान. विषयाचं नाव, वार, वेळ, आणि खाली 'वाचन वर्गात सांगण्यात येईल'. नकाशे नाहीत, प्रश्न नाहीत, परीक्षेची तारीखसुद्धा नाही. त्यांच्यासमोरच्या ट्रेमध्ये विभागातल्या सगळ्यांचे कागद होते, सगळे एकेक पानाचे.

त्यांनी लाल पेन्सिल घेतली. वरून खाली वाचलं. कागद उलटून मागची बाजू पाहिली. पुन्हा वरून खाली वाचलं. पेन्सिल कागदावर कुठेच टेकली नाही.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

"एवढंच."

त्यांनी मान हलवली, कागद ट्रेमध्ये बाकीच्यांवर ठेवला आणि कडा जुळवल्या. "चूक काही नाही," त्या म्हणाल्या, आणि पेन्सिल खणात टाकली.